चाचणीचा कोडही डोळ्यांत तेल घालून वाचा

लिनक्समध्ये फोल्डरमधली नावं वाचून देतो तो कर्नलचा 'गेटडेंट्स' कॉल. त्याच्या चाचण्यांचा कोड तपासायला आला की मी आधी बघते, नावं ठरावीक क्रमानेच येतील असं गृहीत धरलंय का. कर्नल क्रमाची हमी देत नाही; एक्सटी४ या फाइल सिस्टीमवर पास झालेली चाचणी एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमवर आपटू शकते. कॉलचं उत्तर शून्य आलं तर यादी संपली, उणे एक आलं तर चूक झाली. दोन्हींना एकाच मापाने मोजणारी चाचणी मी परत पाठवते, कितीही घाई असो. "चाचणीच तर आहे, होऊ दे पुढे" हे सर्रास ऐकू येतं. मला मुळीच पटत नाही. बॅकअपचा प्रोग्राम याच कॉलवर विसंबतो; वाचताना आलेली चूक 'यादी संपली' समजली गेली, तर उरलेल्या फायलींची प्रत निघतच नाही.