आदेशालाही एक्स्पायरी डेट हवी!

साथीच्या काळात शहर बंद करायचा अधिकार कोणाकडे असावा? कट्ट्यावर हा प्रश्न टाकला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आयुक्तांना फुल पॉवर द्या, आपले लोक त्याशिवाय ऐकत नाहीत." दुसरी म्हणते, "आम्हाला कोंडणारे हे कोण?" मला दोन्ही पटत नाहीत. २०२० मध्ये ज्या बॅचचा दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला त्या बॅचचा मी, त्यामुळे विषय तसा जवळचा!

अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडेच हवा. कुठल्या पेठेत पेशंट वाढले हे मंत्रालयात बसून कळत नाही, आणि साथ काही सभेच्या तारखेची वाट बघत नाही. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने नियमावली काढून आयुक्त आणि जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले, ते योग्यच होते.

पण ते आले कुठून? १८९७ च्या साथरोग कायद्यातून! प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा मुळात जेमतेम चार कलमांचा. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करायची मुभा, मोडणाऱ्याला शिक्षा, अंमल करणाऱ्याला संरक्षण. बस्स! बंदी किती दिवस, कारण काय, दाद कुठे मागायची... काही नाही. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने घराघरात सोल्जर घुसवले. २२ जून १८९७ ला पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण त्याआधीच लोक धास्तीने घरातले आजारी लपवू लागले होते. म्हणजे उपायानेच साथीला मदत! २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली. चांगलेच झाले. पण मुदतीचे नाव नाही.

त्याच वर्षी राज्य सरकारने ६५ वर्षांवरील कलाकारांना शूटिंगला बंदी केली. त्याला ठोस आधार दाखवता आला नाही म्हणून ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली. ठीक आहे, पण "रस्त्याच्या या बाजूची दुकाने आज, त्या बाजूची उद्या" अशा नियमाविरुद्ध आपला टपरीवाला हायकोर्टात कसा जाणार?

म्हणून प्रत्येक आदेशावर तीन ओळी सक्तीच्या हव्यात. एक, कारण, तेही आकड्यांसकट. दोन, मुदत, समजा १४ दिवस. वाढवायची तर महापालिकेच्या सभेपुढे. तीन, तक्रार कुठे करायची.

कोणी म्हणेल, घाईत हे कसे जमणार? विंगमध्ये कोणी हीटर लावला की एमसीबी पडते, ती कोणाला विचारत बसत नाही. बरोबरच आहे. पण नंतर वायरमन येऊन फॉल्ट बघतो आणि ती वर करतो. या कायद्यात फक्त पाडायची सोय आहे!

आपल्यातले कितीतरी जण एमपीएससी, यूपीएससीच्या मागे आहेत. उद्या त्या खुर्चीत बसाल तेव्हा कायद्याची वाट बघू नका. सही करण्याआधी या तीन ओळी तेवढ्या लिहा. बघा पटतंय का!