सीओईपी की लोणेरे?

बारावीनंतर संगणक अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे पालक हल्ली एकच प्रश्न विचारतात : पुण्याचे सीओईपी घ्यावे की लोणेरे? सीईटीचे पर्सेंटाइल ज्यांचे उत्तम आहे, त्यांच्यापुढे पसंतीक्रम भरताना हा पेच खरोखरच उभा राहतो. सीओईपीची परंपरा 1854 पासूनची. 2022 मध्ये त्याचे स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. लोणेरे येथील विद्यापीठ 1989 चे. त्याला बाबासाहेबांचे नाव आहे आणि चवदार तळ्याचे महाड तेथून जवळच आहे. आपल्यापैकी अनेकांचा निर्णय तेथेच होऊन जातो. काहींचा उलट बाजूने, पण तितक्याच घाईने होतो : पुणे म्हणजे नोकरी.

मला दोन्ही विचार अपुरे वाटतात. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस हे विषय दोन्हीकडे आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात. सीओईपीत अधिक तयारीचे सहाध्यायी लाभतात, कंपन्याही जवळ असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आपल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष कसे जाते, याचा विचार कोणी करीत नाही. येथे पहाटेची वंदना असते, अभ्यासिकेची घंटा असते, गणित अडले तर रात्रीही विचारायला गुरुजी असतात. ते सारे एकाएकी संपते. प्रोग्रॅमिंग नुसते वाचून येत नाही. चूक सापडेपर्यंत बसावे लागते, आणि शेजारी कोणी बसलेले असावे लागते. शहराच्या टोकाला खोली घेऊन दोन बस बदलत येणाऱ्या आणि संध्याकाळी काम धरणाऱ्या मुलाला ही बैठक मिळत नाही. त्याचे विषय राहतात, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1915 मध्ये एम.ए. झाले. 1916 मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसे साठवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. संस्था थोर होती, विद्यार्थी असामान्य होता. अडले ते खर्चापाशी.

म्हणून माझे मत असे : सीओईपीत प्रवेश आणि राहण्याची सोय दोन्ही मिळत असतील, तर बेलाशक सीओईपी घ्यावे, केवळ नावाच्या ओढीने लोणेरे घेऊ नये. सोय नसेल आणि घरून दरमहा काही येण्यासारखे नसेल, तर लोणेऱ्याच्या परिसरातील वसतिगृहात राहून चार वर्षे पुरी करणे अधिक शहाणपणाचे. मात्र लोणेरे म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे संकुल. त्याला संलग्न महाविद्यालये राज्यभर आहेत. पदवीवर विद्यापीठाचे नाव तेच येते, पण शिक्षक आणि प्रयोगशाळा त्या त्या महाविद्यालयाच्या. ही गफलत सुशिक्षित पालकांकडूनही होते.

शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जात येत नाही, तो वेगळा भरावा लागतो. तेथे जागा न मिळालेल्या पात्र अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये. पण ती हाती पडण्यापूर्वीच खोलीची अनामत आणि खाणावळीचे पैसे द्यावे लागतात. पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी एकेका मुलाला पहिले दोन-तीन महिने घरी ठेवून घेतले, तर पसंतीक्रमात सीओईपी वर लिहिण्याचे धैर्य आणखी काही घरांना होईल.