'असंयम' नेमका कोणाचा?

आजारांची नावे निर्विकार असतात, असा एक समज आहे. आरोग्यविषयक मराठी लेखनात आढळणारा 'मूत्र असंयम' हा शब्द या समजाला छेद देतो. खोकताना, शिंकताना, हसताना वा जड वस्तू उचलताना स्त्रीला नकळत लघवी होते, त्या तक्रारीस 'ताणजन्य मूत्र असंयम' म्हटले जाते. मराठीत संयम हा सद्गुण आहे. तेव्हा असंयम हा ओघानेच दोष ठरतो. इंग्रजीतील 'इन्कॉन्टिनन्स'लाही वासना न आवरण्याचा जुना अर्थ चिकटलेला होता. भाषांतर करताना आपण तो ठपकाही उचलून आणला. 'ताण' या शब्दाने तर आणखी घोटाळा होतो, कारण येथे अभिप्रेत आहे तो मनावरचा ताण नव्हे, तर पोटातून मूत्राशयावर येणारा दाब.

वस्तुस्थिती साधी आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपण, रजोनिवृत्ती, वाढलेले वजन, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ यांमुळे ती सैलावते. यात चारित्र्याचा संबंध कुठे आला?

या तक्रारीवर शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले. आज ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही प्रथम हाच व्यायाम सुचवतात: जाणकाराच्या देखरेखीखाली, किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचने. वजन जास्त असल्यास ते घटवल्याने फरक पडतो. काहींना योनीमार्गात बसवायच्या पेसरीचा उपयोग होतो. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही, पण पुष्कळ स्त्रियांचा त्रास कमी होतो.

आता आमचा मुद्दा. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे व्यायाम शिकवायचा तो मुख्यतः शब्दांनीच. 'श्रोणितल स्नायूंचे आकुंचन करावे' हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे, पण ते वाचून कोणत्या बाईला काय करायचे ते कळेल? शब्द चुकला की कृती चुकते. आत ओढण्याऐवजी खाली जोर दिला जातो. 'वायू सरू नये म्हणून आवळून धरतो तसे आत आणि वर ओढा, श्वास रोखू नका, काही सेकंदांनी तेवढाच वेळ सैल सोडा,' असे सांगितले, तर ते शरीराला समजते.

शास्त्राला परिभाषा लागते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे; ती कोशात सुखेनैव नांदो. परंतु बायकांच्या बोलण्यात 'लघवी सुटते' हा प्रयोग आधीपासून आहे. 'सुटणे' हे क्रियापद अकर्मक आहे आणि येथे त्याचा कर्ता स्त्री नाही. जो न्याय परिभाषेला जमला नाही, तो बोलीने सहज केला आहे.

र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयी मराठीत स्पष्ट लिहिता येते हे दाखवून दिले. तो वारसा केवळ अभ्यासक्रमात ठेवून भागणार नाही. आमच्या मते मराठीच्या विभागांनी आरोग्यपत्रकांची भाषा तपासणे हे आपले काम मानावे. जिला आपले दुखणे ठपक्यावाचून सांगता येत नाही, ती दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि मग व्यायामाने आटोक्यात येऊ शकणारा त्रास ती वर्षानुवर्षे 'वयाचा भाग' म्हणून सोसत राहते.