स्मिता पाटीलचे सिनेमे कुठे पाहायचे?

‘उंबरठा’ आज रात्री घरी बसून नीट पाहायचा आहे, चित्र स्वच्छ हवं, संवाद ऐकू यायला हवेत, श्रेयनामावली शेवटच्या नावापर्यंत हवी, असं कुणी म्हणालं तर त्याला कायम टिकेल असं उत्तर देता येत नाही. आज एका ॲपवर दिसलेला जुना सिनेमा काही महिन्यांनी तिथून निघालेला असतो. यूट्यूबवर सापडतो तो बऱ्याचदा कुणी तरी कधी काळी टीव्हीवरून उतरवून घेतलेला. स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांची होती. जेमतेम बारा वर्षांत तिने मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, मल्याळम अशा भाषांत जे काम करून ठेवलं, ते तिच्याच महाराष्ट्रात धड पाहता येऊ नये याचा मला मनापासून राग येतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. स्मिताचा जन्म पुण्याचा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे आमच्या भागाला ती घरची वाटते. वर्गातल्या मुलींना तिचा चेहरा माहीत असतो. तिचे फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये असतात, ‘नमक हलाल’मधलं पावसातलं गाणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिचा एखादा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली मुलगी मात्र क्वचित भेटते. आवड नाही म्हणून असं होतं, हे म्हणणं मला मान्य नाही.

हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आम्ही वर्गात वाचत होतो. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला आणि स्मिताला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एवढं मी सांगितलं. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, “मॅम, तो पिक्चर मी बघितला, पण मला काही कळलाच नाही. ती कधी लहान आहे, कधी मोठी आहे, सगळं एकात एक झालंय.” मुलगी हुशार आहे, वाचणारी आहे. मी तिचा मोबाइल घेतला आणि ती कुठली प्रत पाहत होती ते बघितलं.

‘भूमिका’ची रचनाच रंगांवर उभी आहे. नायिका उषाचा वर्तमान रंगीत आहे, आणि कोकणातलं बालपण, आजीचं गाणं, पुढे तिचा नवरा होणाऱ्या केशवचं घरात येणं-जाणं हा भूतकाळ कृष्णधवल होऊन येतो. गोविंद निहलानींचा कॅमेरा एकेका काळाला वेगळा पोत देतो, आणि प्रेक्षक त्या पोतावरूनच ओळखतो की आपण आता कुठे आहोत. मुलीच्या मोबाइलवरच्या प्रतीत सगळ्यालाच एक मळकट तपकिरी छटा आली होती. रंगीत भाग विटला होता, कृष्णधवल भागावर पिवळट झाक होती, त्यामुळे दोन्ही काळ सारखेच दिसत. पडदा रुंद भरावा म्हणून चौकट वरून-खालून कापलेली, कपाळं तुटलेली. कोपऱ्यात कुठल्या तरी वाहिनीचा शिक्का. शेवटी हॉटेलच्या खोलीत उषा एकटी उरते, टेलिफोन वाजतो आणि स्मिता काहीही न बोलता नुसत्या चेहऱ्यावर तो प्रसंग पेलते. त्या चेहऱ्याचा वरचा भाग त्या शिक्क्याखाली गेला होता. श्रेयनामावली उडवलेली, म्हणजे वनराज भाटियांचं संगीत, निहलानींचं छायाचित्रण, कशाचाच पत्ता नाही. त्या मुलीला ‘भूमिका’ कळला नाही, कारण तिच्यापर्यंत ‘भूमिका’ पोचलाच नव्हता.

वाईट प्रत म्हणजे फुकटात मिळालेली थोडी कमी दर्जाची वस्तू, असं आपण समजतो. ते खरं नाही. वाईट प्रत कलावंताविषयी खोटी साक्ष देते. ती पाहून नवा प्रेक्षक ठरवतो की जुने सिनेमे संथ असतात, अंधारे असतात, कळत नाहीत, आणि तो पुन्हा त्या वाटेला जात नाही.

असं का होतं, याची कारणं रुक्ष आहेत, पण ती समजून घ्यायला हवीत. सत्तर-ऐंशीच्या दशकात निर्मात्यांनी करार केले तेव्हा इंटरनेटवरून सिनेमा दाखवण्याची कल्पनाच नव्हती. पुढे व्हिडिओचे हक्क एकाला, उपग्रह वाहिन्यांचे दुसऱ्याला, गाण्यांचे तिसऱ्याला असे विकले गेले. निर्माते वारले, कंपन्या बंद पडल्या, वारसांना कागद सापडेनात. ॲपवाले सिनेमा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतात. मुदत संपली, पाहणारे कमी दिसले, की करार पुढे वाढवत नाहीत. आपल्याकडे सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९७७ चा ‘जैत रे जैत’ २०३७ च्या अखेरीपर्यंत आणि १९८२ चा ‘उंबरठा’ २०४२ च्या अखेरीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे. तोवर नुसतं थांबून राहायचं म्हटलं तर निगेटिव्ह थांबणार नाहीत.

मनात आणलं तर काय होऊ शकतं, हे ‘मंथन’ने दाखवलं आहे. बेनेगलांचा १९७६ चा हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, पण ती फिकी पडली होती, चित्र लुकलुकत होतं, बुरशीने हिरवे उभे पट्टे उमटले होते. ध्वनीची निगेटिव्ह तर उरलीच नव्हती, म्हणून आवाज एका जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हे काम हाती घेतलं, बेनेगल आणि निहलानी दोघांनी त्यावर देखरेख केली, आणि मे २०२४ मध्ये ‘मंथन’ कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवला गेला. नसिरुद्दीन शाह तिथे होते, स्मिताचा मुलगा प्रतीक होता. जूनच्या सुरुवातीला तो देशभरातल्या चित्रपटगृहांतही लागला. बेनेगल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले. त्यांच्या हयातीत हे झालं, याचं मला फार समाधान आहे.

त्या प्रतीत स्मिताने केलेली बिंदू पाहा. दारात उभी राहून, कडेवर पोर घेऊन, शहरातून आलेल्या डॉक्टरकडे ती बघते, तेव्हा तिच्या नजरेत संशय आहे, उत्सुकता आहे आणि थोडी मिजासही आहे. ती मिजास मळक्या प्रतीत दिसत नाही. डोळेच दिसत नाहीत तर काय दिसणार?

माझं म्हणणं असं आहे. स्मिताच्या उत्तम कामाचा मोठा हिस्सा लोकांच्या पैशांतून झालेला आहे. ‘मंथन’ शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून. केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे एनएफडीसीच्या पैशांतून. प्रेमचंदांच्या कथेवरची सत्यजित रायांची ‘सद्गती’ दूरदर्शनसाठी. जे लोकांच्या पैशांतून झालं, ते लोकांना कायम, फुकट आणि चांगल्या अवस्थेत पाहायला मिळालं पाहिजे. त्यासाठी नवं काही उभारायचीही गरज नाही. २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय एनएफडीसीतच विलीन झालेलं आहे, म्हणजे सिनेमे आणि त्यांच्या निगेटिव्ह एकाच छपराखाली आल्या. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा स्वतःचा मंच सुरू केला. या मंचावर स्मिताच्या नावाचं एक कायमचं दालन असावं, तिथले सिनेमे मुदत संपली म्हणून निघू नयेत, आणि प्रत्येकाला मराठीसकट सर्व प्रमुख भारतीय भाषांत उपशीर्षकं असावीत.

उपशीर्षकांचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरते. ‘भवनी भवाई’ गुजराती आहे, मृणाल सेनांचा ‘आकालेर संधाने’ बंगाली, अरविंदनांचा ‘चिदंबरम’ मल्याळम. ‘आकालेर संधाने’मध्ये स्मिता अभिनेत्री स्मिताच झाली आहे. १९४३ च्या दुष्काळावर सिनेमा करायला एका खेड्यात आलेल्या चमूतली ती नटी. ‘चिदंबरम’मध्ये मुन्नारच्या बाजूच्या डोंगरातल्या सरकारी गुरांच्या फार्मवर लग्न होऊन आलेली शिवकामी आहे, जिच्या वाट्याला संवाद अगदी थोडे आहेत. ही कामं पाहिल्याशिवाय स्मिता कळली असं म्हणू नये. माझ्या विद्यार्थिनींना ती इंग्रजी उपशीर्षकांवर पाहावी लागतात आणि अर्ध्या मुली वाचता वाचता मागे पडतात. मराठी नटीचं काम मराठी मुलींनी इंग्रजीच्या आडून का पाहायचं?

उरले आपले मराठी सिनेमे. त्यांची जबाबदारी दिल्लीवर टाकता येणार नाही. ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकर वस्तीतला नाग्या आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी. डॉ. मोहन आगाशे, स्मिता, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. गाणी घराघरांत वाजतात आणि सिनेमा कुणी पाहिलेला नसतो. ‘उंबरठा’ शांता निसळांच्या ‘बेघर’वरचा. जब्बार पटेलांनी त्यात नायिका सुलभा महाजनला कुठेही देवी केलेलं नाही. ती लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची नोकरी धरते, तिथली घाण पाहते, हरते, परत येते, आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे हे कळल्यावर पुन्हा बाहेर पडते. वर्गात हा सिनेमा दाखवला की वाद होतातच. मुलगी लहान असताना तिने जायला हवं होतं का, यावर माझ्या मुली तावातावाने भांडतात, मुलगेही भांडतात. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा सिनेमा अजून असा अंगावर घेतला जात असेल, तर त्याला प्रेक्षक नाही असं कुणी म्हणू नये.

राज्य सरकार नव्या मराठी चित्रपटांना अनुदान देतं, ते द्यायलाच हवं. त्याच पैशांतला एक भाग जुन्या मराठी सिनेमांचे हक्क घेण्यासाठी आणि ते पूर्ववत करण्यासाठी बाजूला काढावा. निर्मात्यांना किंवा त्यांच्या वारसांना योग्य मोबदला द्यावा, कुणाचं काही हिसकावून घेऊ नये. गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ हे काम करू शकतं. सुरुवात या दोन सिनेमांपासून व्हावी. चित्रीकरण ज्यांनी केलं, अभिनय ज्यांनी केला, त्यांच्यापैकी काही जण आपल्यात आहेत. रंग असेच होते का, आवाज असाच होता का, हे सांगणारी माणसं हयात असतानाच हे काम करण्यात अर्थ आहे.

तोवर पाहणाऱ्यांनी काय करावं? ‘जस्टवॉच’ नावाचं संकेतस्थळ आहे. सिनेमाचं नाव टाकलं की तो सध्या भारतात कुठल्या ॲपवर आहे ते तिथे कळतं. नुसतं नाव टाकू नका, वर्ष आणि दिग्दर्शकही टाका. ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ या नावाने झाला होता, तेव्हा तोही शोधा. यूट्यूबवर पाहायचं तर आधी चॅनेल कुणाचं आहे ते बघा. निर्मिती संस्थेचं किंवा हक्कधारकाचं असेल तरच लावा. लांबी तपासा. ‘मिर्च मसाला’ दोन तासांहून अधिक आहे, दीड तासाचा दिसला तर तो कापलेला आहे. आणि हा सिनेमा मोबाइलवर पाहू नका, घरातल्या मोठ्या पडद्यावर, दिवे घालवून पाहा. मिरचीच्या कारखान्याचं दार तुटल्यावर बायका सुभेदाराच्या तोंडावर तिखट उधळतात आणि स्मिताची सोनबाई हातात विळा घेऊन उभी राहते. त्या प्रसंगातला लाल रंग लहान पडद्यावर निम्मासुद्धा उरत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ‘मंथन’ सांगते, मग ‘उंबरठा’, मग ‘भूमिका’. ‘चक्र’ थोडा उशिरा. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा हा झोपडपट्टीतला सिनेमा अंगावर येतो, आणि स्मिताच्या अम्माला राष्ट्रीय पुरस्कार का मिळाला हे त्याआधी तिची दोन-तीन कामं पाहिली असली की जास्त कळतं.

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता करता येईल. महाराष्ट्रात जुन्या वितरकांची, बंद पडलेल्या थिएटरांच्या मालकांची, जत्रेत तंबू लावणाऱ्या टूरिंग टॉकीजवाल्यांची पुष्कळ घरं आहेत. त्यांच्या माळ्यावर, गोदामात सिनेमाच्या रिळांचे पत्र्याचे डबे अजून पडलेले असतात. मुलं ते भंगारात घालायला निघतात. घालू नका. ‘मंथन’चा आवाज एका प्रिंटमुळेच वाचला. डबा सावकाश उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे आणि शेजारच्या डब्यांनाही त्याची लागण होते, म्हणून तो डबा लगेच वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. प्रोजेक्टरवर चढवू नका, उलगडून उन्हात धरू नका. डब्यावरचं नाव, रिळाचा क्रमांक लिहून घ्या आणि पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.