विकलेली दुपार

मे महिन्यात दुपारी एक वाजता नागपूरजवळच्या कन्हानच्या पुलावर उभं राहून पाहावं. खाली नदीचं पात्र आक्रसलेलं, वाळू डोळ्यांत खुपणारी. पलीकडे कोळसा खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे ढिगारे, सकाळपासून तापून आता आजूबाजूला धग फेकणारे. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, घराघरांतून कूलरची घरघर. अशा वेळी आपण एकमेकांना फोनवर सांगतो, "बाहेर चिटपाखरू नाही."

हे खोटं आहे. कोळशाच्या ट्रकवर चढून ताडपत्री आवळणारा पोरगा बाहेर आहे. रुळांलगत गिट्टी सारणारे बाहेर आहेत. वीटभट्टीवर घमेली वाहणाऱ्या बाया, डोक्याला दुपट्टा गुंडाळून हातगाडी ओढणारा म्हातारा, पार्सल घेऊन तिसऱ्या मजल्याचं दार शोधणारा तरुण, सगळे बाहेर आहेत. त्यांना आपण माणसांत मोजत नाही, म्हणून रस्ता आपल्याला ओस दिसतो.

दरवर्षी मार्च सरला की सूचना येतात: दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. सूचना बरोबर आहेत आणि त्यामागे अभ्यास आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं दगावली, तेव्हा त्या शहरानं जागं होऊन २०१३ मध्ये उष्णतेशी झुंजायचा आराखडा केला. नागपूरनंही पुढे आपला केला. पण घराबाहेर पडू नका हे सांगायचं कुणाला? ज्याची दुपार त्याच्या हातात आहे, त्यालाच ना? सकाळी आठला नाक्यावर उभं राहून ज्यानं अख्खा दिवस ठेकेदाराला विकला, त्याची दुपार त्याची उरलेलीच नाही. ती विकत घेणारे आपण आहोत. मग सूचना आपल्याला उद्देशून असायला हवी होती: दुपारी कुणाला उन्हात उभं करू नका.

ऊन माणसाला कसं मारतं, हे नीट समजून घेतलं पाहिजे. शरीर घामावाटे उष्णता टाकतं, त्यासाठी रक्त कातडीकडे धावतं, हृदय दुप्पट राबतं. पाणी आणि मीठ संपत आलं, तरी काम थांबलं नाही, की ही सोय कोलमडते. अंगातला ताप चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि मेंदू गोंधळतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, पाय अडखळतात, तो चिडतो, शेवटी पडतो.

आणि नेमकं इथे आपण सगळ्यात मोठा गुन्हा करतो. अडखळत, बरळत चाललेला, मळक्या कपड्यांतला माणूस दिसला की आपण म्हणतो, "पिऊन पडला असेल." नाक दाबून बाजूनं निघून जातो. तोच माणूस इस्त्रीच्या शर्टात पडला असता, तर दहा हात पुढे आले असते. उष्माघाताची खूण आपल्याला वाचता येत नाही असं नाही. कपडे पाहून आपण ती वाचायची की नाही हे ठरवतो. त्या तासाभरात त्याला सावलीत ओढलं असतं, कपडे सैल करून अंगावर पाणी मारत वारा घातला असता, मानेला आणि काखेत ओली फडकी ठेवली असती, १०८ ला फोन केला असता, तर तो बहुधा जगला असता. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. या पहिल्या मदतीला डॉक्टर लागत नाही, थांबणारा माणूस लागतो. कुणीच थांबलं नाही, की संध्याकाळी पोलिसांच्या कागदावर 'अनोळखी इसम' आणि 'आकस्मिक मृत्यू' एवढंच उरतं.

नागपुरात ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंशांचा आकडा दाखवला. पुढे तो यंत्राचा दोष ठरला. त्या दिवशी आकडा खरा की खोटा यावर केवढी चर्चा झाली! त्या उन्हात रस्ता खणत कोण उभं होतं, यावर मी एकही वाक्य ऐकलं नाही.

दोष फक्त सरकारचा आणि ठेकेदाराचा म्हणून मोकळं होता येणार नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारपर्यंत चालला. व्यासपीठाला छत होतं, समोरच्या लाखो माणसांना नव्हतं. चौदा माणसं गेली. त्यानंतर सरकारनं उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नकोत असं ठरवलं. हे शहाणपण सुचायला चौदा प्रेतं लागावीत, याची आपल्याला लाज वाटायला हवी. पण आपल्या घरातलं लग्न पाहा. मे महिन्यातली साडेबाराची वेळ, वरातीत बँडवाली पोरं जाड कोट आणि टोप्या घालून फुंकताहेत. पाहुण्यांना पन्हं, मठ्ठा, गुलाबपाणी. त्या पोरांना पाणी कुणी विचारलं? नवरदेवाच्या घोड्याला आधी पाजलेलं मी पाहिलं आहे.

हे आपल्या मातीत नवं नाही. पाणी आणि सावली आपण माणसाची पायरी पाहूनच वाटत आलो. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, १९२७ मध्ये महाडला तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. कन्हानला तर हे सांगायला लांब जायला नको. पलीकडच्या कामठीत १९०४ मध्ये जन्मलेल्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी वळणाऱ्या मजुरांची संघटना बांधली. १९३७ मध्ये ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ ला, ऐन पस्तिशीत, क्षयानं गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. दर जानेवारीत कन्हानच्या काठी लोक त्यांना वंदन करायला जमतात. जमावंच. पण ज्या मजुरांसाठी तो माणूस झिजला, त्यांची नातवंडं मे महिन्यात पत्र्याखाली कशी बसतात, हे विचारायला त्याच काठावर कोण येतं?

१९४८ च्या कारखाना कायद्यानं अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात थंड पाणी द्यायला सांगितलं. सात मजुरांच्या ठेकेदाराला कुणी काय सांगितलं? सांगायचं आपण. काम सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर, मजुरी मात्र पूर्ण दिवसाची, आणि कामाच्या जागी सावली आणि माठ. ठेकेदार ऐकत नसेल तर घरमालकानं काम थांबवावं. खिशात कांदा ठेवून मुलाला कामावर धाडणाऱ्या आईची माया मी जाणतो, पण कांदा ऊन अडवत नाही. ते काम मांडवानं, पाण्यानं आणि विसाव्यानंच होतं.

मी स्वतः या आरोपातून सुटत नाही. काही वर्षांपूर्वी घर थंड राहावं म्हणून मेच्या मध्यावर मी गच्चीला चुना लावायला एक माणूस बोलावला. तो बारा वाजता वर होता, मी खाली कूलरसमोर पडलो होतो. त्यानं पाणी मागितलं. आमच्याकडे कामवाल्यांसाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला होता, त्यातून पाणी गेलं. त्यानं अर्धं प्यायलं, अर्धं डोक्यावर ओतलं आणि पुन्हा कुंचा उचलला. चारला काम संपलं, मी ठरलेले पैसे दिले. त्या रात्री आमची खोली खरंच थंड होती.

यंदा तो पेला मी इतर पेल्यांत मिसळून टाकला. चुना मार्चमध्येच लावून घेतला, दोन सकाळी, सहा ते दहा. मजुरी दोन पूर्ण दिवसांची दिली. हे तेव्हाही करता आलं असतं.