शेवटच्या वर्षी उघडलेले सेवापुस्तक

शासकीय कर्मचाऱ्याच्या निवृत्तीच्या नियोजनावरची व्याख्याने हल्ली गुंतवणुकीपासून सुरू होतात आणि गुंतवणुकीपाशीच संपतात. मुदत ठेव बरी की ज्येष्ठ नागरिक बचत योजना, आरोग्य विमा किती रकमेचा, घराचे कर्ज आधी फेडावे की नंतर, यावर तास-दीड तास बोलले जाते. हे सगळे रक्कम हाती आल्यावरचे प्रश्न आहेत. ती रक्कम निवृत्तीनंतर दुसऱ्या महिन्यात येणार की दुसऱ्या वर्षी, हे ठरते आस्थापना शाखेच्या कपाटात पडलेल्या सेवापुस्तकावर. या मासिकाकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळही बहुतेक वेळा त्याच कपाटात सापडते. वेतन पडताळणी झालेली नाही म्हणून प्रकरण अडले, पडताळणी झाली तर वसुली निघाली, वसुली निघाली म्हणून उपदान रोखले, आणि निवृत्त झालेला माणूस आपल्याच जुन्या कार्यालयात अभ्यागत म्हणून बाकावर बसला आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यांत या कामाचे वेळापत्रक नेमके दिलेले आहे. नियम 118 प्रमाणे दर 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी पुढच्या 24 ते 30 महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी तयार व्हायला हवी. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी निवृत्तिवेतनाची कागदपत्रे हाती घ्यायची, सेवा पडताळून घ्यायची, राहिलेल्या नोंदी पुऱ्या करायच्या आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे पाठवायचे. विदर्भ आणि मराठवाड्याची प्रकरणे नागपूरला, उरलेल्या महाराष्ट्राची मुंबईला. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची वाट वेगळी आहे, दुखणे मात्र हेच.

शासनात निवृत्तीच्या तारखेइतकी आधीपासून ठरलेली दुसरी तारीख नाही. नियुक्तीच्या दिवशी जन्मतारीख नोंदली की 58 वर्षे, आणि गट ‘ड’ असेल तर 60 वर्षे, कोणत्या महिन्यात पुरी होणार हे कळते. निवडणूक, पूर, टंचाई अचानक अंगावर येतात. निवृत्ती तशी येत नाही. तरीही कित्येक कार्यालयांत ती अचानक आल्यासारखीच वागवली जाते. सहामाही यादी कागदावर निघते, आवक-जावक नोंदवहीत तिचा क्रमांक पडतो आणि पुढे कोणी ती उघडत नाही. संबंधित कर्मचारी स्वतः चौकशी करू लागला, की निवृत्तीला सहा-आठ महिने उरलेले असताना सेवापुस्तक बाहेर निघते.

मग खरी शर्यत सुरू होते. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते, आक्षेपांसह परत येते, त्रुटीपूर्तता होते आणि ते पुन्हा जाते. आता ‘वेतनिका’ प्रणालीमुळे सादर करणे सोपे झाले असले, तरी सेवापुस्तकात जी नोंदच नाही ती प्रणाली आणून देत नाही. आक्षेपही ठरलेले असतात. पदोन्नतीच्या वेळी वेतननिश्चितीसाठी विकल्प दिला होता, पण तो सेवापुस्तकाला जोडलेला नाही. असाधारण रजेमुळे वेतनवाढीची तारीख पुढे जायला हवी होती, ती गेलेली नाही. मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची किंवा सूट मिळाल्याची नोंद नाही. संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र विहित मुदतीनंतरचे आहे. स्थायित्व प्रमाणपत्र नाही. मार्च 2023 च्या संपाचे दिवस कोणत्या रजेत धरले याचा उल्लेख नाही. यातली एकही गोष्ट निवृत्तीच्या वर्षी घडलेली नसते. त्या त्या वर्षी त्या त्या आस्थापना लिपिकाने दोन ओळी लिहिल्या असत्या आणि कार्यालयप्रमुखाने खाली सही केली असती, तर आक्षेप उरलाच नसता.

चूक जुनी असली की ती वाढत जाते, हे लेखा शाखेला सांगायला नको. 1996 मध्ये लिपिक म्हणून लागलेल्या कर्मचाऱ्याला 12 वर्षांनी, म्हणजे 2008 मध्ये, आश्वासित प्रगती योजनेचा पहिला लाभ देताना एक वेतनवाढ जास्त धरली गेली, असे समजा. पुढची प्रत्येक वार्षिक वेतनवाढ त्या चुकीच्या वेतनावर मिळाली. 1 जानेवारी 2016 रोजी तेच वेतन 2.57 ने गुणून सातव्या आयोगाची वेतननिश्चिती झाली. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि थकबाकीचे हप्ते आले. 2008 सालची काही शे रुपयांची चूक निवृत्तीच्या वर्षी लाखांच्या घरातली वसुली होऊन उभी राहते. चूक करणारा लिपिक तोवर स्वतः निवृत्त झालेला असतो. तपासणी करणारे तीन-चार अधिकारी बदलून गेलेले असतात. समोर सापडतो तो फक्त लाभार्थी, आणि त्याचे उपदान शासनाच्याच हातात असल्यामुळे वसुलीसाठी त्याच्यासारखे सोयीचे गिऱ्हाईक दुसरे नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हे आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना ठाऊक नाही, असे मानणे कठीण आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी जादा प्रदानाची वसुली कोठे करता येणार नाही ते सांगितले आहे. वर्ग 3 आणि वर्ग 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालू राहिलेले जादा प्रदान ही त्यातली मुख्य उदाहरणे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा वरिष्ठ लिपिक या तिन्हींत बसतो. तरी वसुलीचे आदेश निघतात. त्यासाठी आधार घेतला जातो तो 2016 मधल्या जगदेव सिंग प्रकरणाचा. जादा रक्कम परत करीन असे वचनपत्र ज्याने दिले आहे त्याला नंतर तक्रार करता येत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले होते. ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते, वर्ग 3 च्या कर्मचाऱ्याचे नव्हे, हा फरक टिपणीत येत नाही. वेतन आयोगाच्या वेळी वचनपत्रावर सही केल्याशिवाय सुधारित वेतन मिळतच नाही, हेही टिपणीत येत नाही. मग कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो, वकील लावतो, आणि जो निष्कर्ष कार्यालयाला निर्णय वाचून काढता आला असता तो काही वर्षांनी आदेश म्हणून परत येतो.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही एक गैरसमज आहे. वसुली थांबली म्हणजे चुकीचे वेतन कायम झाले असे नाही. चुकीची वेतननिश्चिती दुरुस्त करून निवृत्तिवेतन योग्य वेतनावर काढण्याचा अधिकार शासनाकडे राहतो. न्यायालयीन दिलासा मागे दिलेल्या रकमेपुरता असतो. घरचा हिशेब जादा वेतनावर मांडलेला असेल, तर दरमहाचा फरक आयुष्यभर सोसावा लागतो. म्हणून पडताळणी लवकर होणे ही कार्यालयापेक्षा कर्मचाऱ्याची अधिक गरज आहे.

प्रमाणपत्रांचा प्रकार तर याहून विचित्र आहे. शासकीय येणी निश्चित करणे हे कार्यालयप्रमुखाचे काम आहे. प्रत्यक्षात निवृत्त होणाऱ्यालाच सांगितले जाते, की जिथे जिथे नोकरी केली त्या प्रत्येक कार्यालयातून ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्र आणा. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या तालुक्यातले आजचे अधिकारी त्या माणसाला ओळखतही नसतात. दप्तर पाहायला कोणाला वेळ नसतो, मग अर्जदाराकडूनच हमीपत्र घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. ज्याच्याकडे येणे आहे का हे तपासायचे, त्याच्याच शब्दावर दिलेला हा दाखला नस्तीत पवित्र मानला जातो.

उशीर झाला तर काय, याचेही उत्तर नियमांतच आहे. अंतिम प्रकरण वेळेत होणार नसेल तर नियम 126 खाली तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करता येते. विभागीय चौकशी प्रलंबित असेल तर नियम 130 आहे. प्रशासकीय दिरंगाईमुळे उपदान तीन महिन्यांपलीकडे लांबले तर नियम 129-अ, आणि निवृत्तिवेतन सहा महिन्यांपलीकडे लांबले तर 129-ब प्रमाणे व्याज देय होते. पण तात्पुरत्या निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव करणे म्हणजे प्रकरण वेळेत झाले नाही अशी कबुली देणे, म्हणून तो केला जात नाही. व्याजाच्या प्रस्तावात उशिराची जबाबदारी कोणाची हे लिहावे लागते, आणि तो प्रस्ताव मांडायचा असतो त्याच शाखेने. तो वरच्या कार्यालयात क्वचितच पोचतो याचे नवल वाटायला नको.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा नंतर लागलेल्यांना हा सगळा व्याप आपला नाही असे वाटते. तसे ते राहिलेले नाही. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने त्यांना उपदान आणि सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन लागू झाले, आणि सुधारित योजनेत शेवटचे वेतन व अर्हताकारी सेवा या दोन्ही गोष्टी पुन्हा महत्त्वाच्या झाल्या. फक्त प्रान खात्यातली शिल्लक पाहून निश्चिंत राहण्याचे दिवस गेले. शिवाय 2015 पूर्वीच्या अंशदान योजनेतल्या कपाती, शासनाचा हिस्सा आणि व्याज राष्ट्रीय योजनेच्या खात्यात पूर्ण वर्ग झाले का, हे आर-3 विवरणपत्रावरून महिनावार ताडून पाहण्याचे काम अनेकांचे राहिलेलेच आहे.

उरलेल्या बाबी थोडक्यात. भविष्य निर्वाह निधीची वार्षिक विवरणपत्रे दरवर्षी तपासून गहाळ जमा त्याच वर्षी कळवावी; दहा वर्षांनी कोषागारातले प्रमाणक शोधून कोणी देत नाही. अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीपासून एका वर्षात केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येते, तो भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो, आणि महागाई वाढ मूळ निवृत्तिवेतनावरच मिळत राहते. लग्नाआधी केलेली नामनिर्देशने बदललेली नसतात आणि पत्नीचे नाव सेवापुस्तकात एक, आधार कार्डावर दुसरे असते. याची किंमत पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मागणाऱ्या विधवेला मोजावी लागते.

कार्यालयप्रमुखांकडे मागणी एकच आहे. येत्या सहामाही यादीतल्या प्रत्येक नावासमोर सेवापुस्तकाची शेवटची पडताळणी कोणत्या तारखेची आहे ते लिहावे, आणि जिथे ती तारीख नाही ती सेवापुस्तके त्याच महिन्यात पथकाकडे पाठवावीत. कर्मचारी संघटनांनी निवृत्तांच्या सत्कारासाठी घेतले जाणारे कष्ट वर्षातून एकदा तालुकावार सेवापुस्तक तपासणीसाठी घ्यावेत. आणि ज्यांच्या सेवेची दहा, पंधरा, वीस वर्षे झाली आहेत त्या प्रत्येकाने या महिन्यातच लेखी अर्ज करून आपले सेवापुस्तक पाहावे, दुय्यम प्रत अद्ययावत करून घ्यावी आणि राहिलेल्या नोंदींची यादी पोच घेऊन आस्थापना शाखेला द्यावी.