स्लॅबचा परकोट

चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे मराठी लेखनात आली की त्यांच्या पाठोपाठ अरण्य येतेच. वाघ येतो, मोहफूल येते, बांबू येतो, नक्षलवाद येतो. या दोन जिल्ह्यांत माणसे घरांत राहतात, त्यांतली बरीचशी घरे आता दोन-तीन मजली आणि सिमेंटची आहेत, ही गोष्ट आमच्या ललितलेखकांच्या गावीही नसते. परिणामी 'तिकडे रेंज नसते' हे एक वाक्य जंगलाच्या खात्यावर कायमचे मांडले गेले आहे. नागपूरचा पाहुणा ते बोलतो, पुण्याचा पत्रकार ते लिहितो, आणि चंद्रपूरचा माणूसही आपल्याच घराच्या दुसऱ्या मजल्यावर उभा राहून, मान डोलावून, त्याला दुजोरा देतो. आमचा वाद आहे तो या मान डोलावण्याशी.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांतल्या कित्येक गावांना संपर्काची खरीखुरी वानवा सोसावी लागली आहे. नक्षलग्रस्त दहा राज्यांत दोन हजारांहून अधिक मनोरे उभारण्याला केंद्र सरकारने २०१४ साली मंजुरी दिली, तीही टू-जीची. आणि ते मनोरे फोर-जीवर नेण्याचा निर्णय व्हायला २०२२ उजाडले. हा अन्याय वेगळा आहे आणि त्यावर वेगळे लिहिले पाहिजे. पण जिथे फायबरची तार घरात येऊन पोचली आहे, दरमहा बिल भरले जात आहे, आणि तरीही वरच्या खोलीतली मुलगी जिन्यात येऊन बसते, तिथे जंगलाला बोल लावण्यात काय अर्थ?

ही मुलगी काल्पनिक नव्हे. आमच्यापैकी एकाचे घर चंद्रपुरात जटपुरा दरवाज्याच्या आत आहे. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आतल्या जागा अरुंद. घरे वाढायची तर उभीच वाढणार. तळमजल्यावर दुकान आणि बैठक, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि म्हाताऱ्या आईची खोली, दुसऱ्यावर पुतणीची अभ्यासाची खोली. तार ओढायला आलेल्या मुलाने बैठकीत, टीव्हीच्या मागे, खिळा ठोकून डबा बसवला, कारण तार तिथवर आली होती आणि त्याला पुढच्या घरी जायचे होते. तेव्हापासून दोन वर्षे प्रवेशपरीक्षेच्या सराव चाचण्या ही मुलगी जिन्याच्या वळणावर बसून देते आहे. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर, जिन्यात पंखा नाही, खालून टीव्हीवरच्या क्रिकेटचा गलका. घरातल्या प्रत्येकाचे निदान एकच: 'कंपनी भिकार आहे.' दोन वर्षांत तीनदा कंपनी बदलली. डबा मात्र त्याच खिळ्यावर आहे.

आता थोडे पदार्थविज्ञान. त्यावाचून हा वाद नुसता त्रागा ठरेल. घरातला वायफाय मुख्यत्वे दोन पट्ट्यांत चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची साडेपाचच्या आसपास. लांब लहर अडथळ्यातून बरी निघते, आखूड लहर वेगाने माहिती वाहते पण भिंतीत लवकर विरते. शक्तीतली घट डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल गेले की शक्ती निम्मी, दहा गेले की दहावा हिस्सा. आपल्याकडचा चार-पाच इंची, सळईबंद स्लॅब २.४ वर पंधरा डेसिबल खातो असे धरले, तर एका स्लॅबनंतर तिसावा भाग उरतो आणि दोन स्लॅबनंतर हजारावा. ५ गिगाहर्ट्झची गत याहून वाईट. सळयांची जाळी म्हणजे लोखंडी पिंजरा, त्यातून काहीच जात नाही, असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान आम्हांस भेटले आहेत; ते खरे नाही. सहा-सहा इंचांवर बांधलेल्या जाळीतून लहर काही अंशी निसटते. पण जाळी, वरचे काँक्रीट, त्यात मुरलेली ओल, त्यावरची लादी आणि खालचे फॉल्स सीलिंग यांनी मिळून करायचे ते केलेले असते. शिवाय लहर तिरपी गेली की तिला स्लॅबची जाडी अधिक तुडवावी लागते. घराच्या पुढच्या टोकाला डबा आणि मागच्या टोकाला, वरच्या मजल्यावर अभ्यासाची खोली, ही यातली सर्वांत वाईट मांडणी; आणि आपल्याकडची घरे लांबोडकी असल्याने नेमकी तीच सर्वांत प्रचलित आहे.

इथे एक कोडे नेहमी घातले जाते. फोनवर दांड्या तर दिसतात, मग काम का होत नाही? उत्तर सोपे आहे. संभाषण दुतर्फा असते. राउटरचा आवाज मोठा, तो वरपर्यंत ऐकू येतो. फोनचा आवाज लहान, तो खालपर्यंत पोचत नाही. दांड्या सांगतात त्या फक्त राउटरचा आवाज किती ऐकू येतो ते. म्हणूनच 'आठ अँटेनांचा जोरदार राउटर' हा उपाय बहुधा बाराच्या भावात जातो. भोंगा मोठा आणला म्हणून समोरच्याचा घसा मोठा होत नाही. त्यातून विनापरवाना वापराच्या या लहरींवर २.४ च्या पट्ट्यात किती शक्ती सोडायची याची मर्यादा सरकारने २००५ सालीच घालून दिली आहे; खोक्यावर काहीही छापलेले असो.

आणखी एक खास आमच्याकडचा अडथळा, ज्याचा उल्लेख परदेशी मार्गदर्शिकांत सापडायचा नाही: कुलर. पत्र्याचा, पोटात पाणी भरलेला, खिडकी अडवून बसलेला विदर्भाचा कुलर. खालच्या खिडकीतून बाहेर पडून वरच्या खिडकीत शिरण्याची जी एक पळवाट लहरीला होती, तीही उन्हाळ्याचे चार महिने हा गृहस्थ पत्रा आणि पाणी घेऊन बंद करतो. परीक्षांचे महिनेही नेमके तेच.

कोणी म्हणेल, तर मग जुनी घरे बरी होती. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, सागवानी फळ्यांचा माळा. लाकडातून लहर सहज जाते. हा स्मरणरंजनाचा सूर आम्हांस मान्य नाही. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरण्याचे कष्ट ज्यांनी उपसले, वाळवीने पोखरलेला वासा ज्यांच्या अंथरुणाशेजारी पडला, त्यांनी स्लॅबचे स्वप्न पाहिले यात चूक काय? शिवाय सिमेंट इथलेच आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या गावांची ओळखच सिमेंटच्या कारखान्यांनी घडवली. जिल्ह्याचा चुनखडक, जिल्ह्याचा कोळसा, जिल्ह्याची धूळ. (सागवानाचे म्हणाल तर ते २०२३ साली बल्लारपुराहून वाजतगाजत अयोध्येच्या राममंदिरासाठी गेले, चंद्रपूरच्या मिस्त्रीला ते परवडत नाही.) तेव्हा सिमेंटचे घर ही आमची तक्रार नाही. स्लॅब टाकताना त्यातून पाणी, मैला आणि वीज यांना वाट ठेवली जाते आणि माहितीला ठेवली जात नाही, ही आमची तक्रार आहे.

दुकानदाराचे उपाय आम्ही सारे करून पाहिले. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर: तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, एकाच रेडिओवर दोन्ही करायचे म्हटल्यावर वेग साधारण निम्मा होतो. त्यातून लोक तो जिथे सिग्नल नाही तिथे लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? विजेच्या तारांतूनच माहिती नेणारे संच मिळतात. पण भाडेकरूंसाठी मजल्यागणिक वेगळे मीटर असलेल्या घरात त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. 'मेश' नावाचे दोन-तीन डब्यांचे संच चांगले असतात, यात शंका नाही. परंतु ते डबे आपसांत बिनतारी बोलत असतील तर त्यांच्याही मध्ये तोच स्लॅब उभा. मोबाइलचा सिग्नल वाढवणारे म्हणून जे बूस्टर विकले जातात ते परवान्यावाचून लावणे सरळ बेकायदा आहे आणि त्यांनी शेजारपाजारच्या फोनांचेही वाटोळे होते.

या साऱ्याला पुरून उरणारा उपाय इतका गावठी आहे की तो सुचवताना दुकानदाराला कमीपणा वाटत असावा. तार. तळमजल्यावरच्या डब्यापासून प्रत्येक मजल्यावर एक कॅट-सिक्स तार न्यावी आणि तिच्या टोकाला एक स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, नाही तर जुना राउटर, त्या कामासाठी योजून लावावा. शंभर मीटरपर्यंत ही तार कुरकुरत नाही. चंद्रपुरात एवढे उंच घर आम्ही पाहिलेले नाही. तार नेणे अगदीच अशक्य असेल तर निदान डबा टीव्हीच्या मागून काढून जिन्याच्या पोकळीत, उंचावर आणावा, कारण सबंध घरात स्लॅबला पडलेले एकुलते एक मोठे भोक म्हणजे जिना. पुतणी तिथे जाऊन बसते ते उगाच नव्हे. तिने कुठलाही ग्रंथ न वाचता ते शोधून काढले आहे. आणि हो, डबा आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही इन्व्हर्टरच्या लायनीवर हवेत.

मग हे होत का नाही? इथे आमचा खरा वाद सुरू होतो. पैशाचा प्रश्न म्हणावा तर दर्शनी भागाच्या टाइल्सवर जेवढे उधळले जातात त्याच्या अल्पांशात हे काम होते. अज्ञान म्हणावे तर राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत दळणवळणाच्या तारांसाठी सबंध प्रकरण आहे, आणि इमारतींना जोडणीच्या दर्जानुसार गुणांकन देण्याचे विनियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली काढले. मात्र मालकाने मागितले तरच गुणांकन. आणि मागणार ते मोठ्या शहरांतले बिल्डर. बाबूपेठेत स्वतःच्या प्लॉटवर मिस्त्री लावून घर बांधणारा माणूस कोणाकडे तारे मागायला जाईल?

आमच्या मते कारण घरातच आहे. डबा कुठे बसतो ते पाहा. तो बैठकीत बसतो, कर्त्या पुरुषाच्या खुर्चीपासून चार हातांवर. त्या खुर्चीत बसणाऱ्याला नेट नेहमीच उत्तम मिळते, म्हणून त्याच्या लेखी घरात नेट उत्तम आहे. स्वयंपाकघर मागे, तिथे योजनेच्या पडताळणीचा ओटीपी हाती असूनही ज्या बाईचे पान उघडत नाही, तिचा 'फोन जुना' असतो. माडीवरची आई डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना मध्येच गोठते, तिचे 'वय झाले'. मुलगी जिन्यात बसते, तिला 'सवय आहे'. घरातल्या पाण्याची टाकी कोणी फक्त बैठकीपुरती जोडत नाही. सिग्नल मात्र ज्याची सत्ता त्याच्या खोलीपुरता जोडला जातो आणि उरलेल्यांच्या वाट्याला दांड्या येतात.

गडचिरोलीत हेच चित्र सार्वजनिक होते. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघालेला हा जिल्हा. इथे भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. ती जिथे पोचली त्या एका गावात आम्ही पाहिले ते असे: ग्रामपंचायतीची इमारत पक्की, स्लॅबची, यंत्र आतल्या कपाटात, कपाट खोलीत, खोलीला कुलूप. बाहेर ओट्यावर पोरे भिंतीला पाठ लावून बसलेली, खिडकी ज्या बाजूला त्या बाजूला जास्त. मोबाइलचा मनोरा क्षीण असलेल्या अशा गावांत वायफायवरून साधा फोनही लावता येतो. खासगी कंपन्यांनी ही सोय २०१९-२० पासून दिली आहे. रात्री गाडी बोलवायची असेल तर त्या कुलुपाची किंमत काय होते, याचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. अहवालात गाव 'जोडलेले' असते.

गेल्या महिन्यात त्या जटपुऱ्याच्या घरासमोर नव्या घराचे सेंटरिंग लागले. लोखंड बांधून झाले होते, विजेचे पाइप अंथरले होते, दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. आम्ही जाऊन ठेकेदाराला म्हटले, जिन्याच्या कोपऱ्यात एक इंची पाइप उभा सोडा, तळापासून गच्चीपर्यंत. त्याने विचारले, 'कशाचा?' सांगितले. तो म्हणाला, 'मालकानं सांगितलं नाही जी.' मालक नागपूरला होते. फोन केला तर ते म्हणाले, वायफायला कुठे वायर लागते? स्लॅब ठरल्या दिवशी नारळ फोडून पडला. पाइप नाही.